उभयचर सडा

दर गणपतीत आमच्या घरी एक भांडण ठरलेलं असतं. भजनी मंडळी उसळपाव खाऊन पुढच्या घराकडे वळली, बायकांची झाकपाक झाली, की आम्ही भावंडं पडवीत चटया टाकतो. माजघरातून माटवीच्या कवंडळांचा आणि कोमेजू लागलेल्या तेरड्याचा वास येत असतो. बाहेर पाऊस कौलांवर आपलं काम करत असतो. मग कुणीतरी मुद्दाम काडी टाकतं, "सडोच उभयचर, ह्यां कोण म्हणालो होतो रे?"

दादा म्हणतो, मीच. मुंबईचा भाऊ म्हणतो, तू कसला, तू तेव्हा तळीत पडला होतास. ताई म्हणते, तुम्ही दोघंही खोटं बोलता, आणि पुढे काही बोलत नाही. सख्खी-चुलत मिळून आम्ही सात. हे वाक्य ज्या शाळेच्या सहलीत आलं, तिला त्यातले पाच जण होते. उरलेले दोघे तेव्हा पहिलीत, म्हणजे बाईंच्या वर्गात होते. पण तेही आपण सहलीला गेलो होतो असं आता शपथेवर सांगतात, आणि त्यांना आठवणारे तपशील आमच्यापेक्षा जास्त असतात. सगळ्यांत धाकटा पन्नाशीला टेकला आहे. आठवणींचं वाटप जमिनीच्या वाटपासारखंच होतं आमच्याकडे: कागद कुणाकडेच नाही आणि कब्जा सगळ्यांचा.

गोष्ट 1982 सालातली. आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या अलीकडे. एक वर्षापूर्वी, 1 मे 1981 ला, सिंधुदुर्ग जिल्हा नवीन झाला होता. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मात्र आम्ही अजून रत्नागिरीतच होतो. गुरुजींनी त्या नकाशावर निळ्या खडूने एक रेघ ओढली होती. ती पावसाळी दमटपणाने पुसली जायची, आणि पुसली गेली की आमचा जिल्हा परत रत्नागिरी व्हायचा.

घर त्या वर्षी भरलेलं होतं, आणि त्याचं कारण आनंदाचं नव्हतं. 18 जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात आमचे दोन काका. होळीपर्यंत मिटेल, मग मेपर्यंत मिटेल असं म्हणता म्हणता जूनमध्ये दोन्ही काका-काक्या मुलांना आणि ट्रंका घेऊन एसटीतून उतरले. लालबागच्या चाळीतली चार मुलं आमच्या शाळेत दाखल झाली. आमच्या पिढीला एका छपराखाली आणलं ते त्या संपाने. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आम्हाला पुष्कळ मोठं झाल्यावर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की पेजेचं तपेलं मोठं झालंय आणि भात तेवढाच आहे.

गुरुजीही त्याच जूनमध्ये बदलून आले. घाटावरचे. थेट माणदेशातले. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही आला तर, अशा मुलखातला माणूस मिरगाच्या ऐन तोंडावर आमच्याकडे पडला, जिथे तीन हजाराच्या वर पडतो. पहिल्या आठवड्यात त्यांची छत्री गेली, दुसऱ्या आठवड्यात चपला कुजल्या. पहिल्या पावसानंतर शेतातल्या पाण्यात मोठाले बेडूक पिवळेधमक होऊन डरावत बसले होते. ते बघायला गुरुजी शाळा सोडून बांधावर जाऊन उभे राहिले. "ह्यांना हळद लागलीय का काय?" असं म्हणाले. त्या दिवसापासून बेडकांना आम्ही नवरदेव म्हणायला लागलो. घरात अजून म्हणतात.

बहात्तरच्या दुष्काळात गुरुजी खडी फोडायला गेलेले होते. वय असेल वीस-बावीस. हे त्यांनी कधी भाषण म्हणून सांगितलं नाही. कुणी पाणी पिऊन उरलेलं फेकलं की फक्त थांबायचे, आणि त्या ओल्या मातीकडे बघायचे. आम्हाला ते विचित्र वाटायचं. चहूकडे पाणीच पाणी, आणि हा माणूस अर्ध्या पेल्यासाठी हळहळतो!

श्रावणात त्यांनी जाहीर केलं, तिसरी-चौथीची सहल निघणार. कुठे? सड्यावर.

आजी तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "सड्यार जावक सहल कित्याक व्हयी? ढोरांवांगडा रोज जातत ती!" तिचं चुकत नव्हतं. सडा म्हणजे घरामागची घाटी चढली की लागणारं जांभ्या दगडाचं पठार. मैलोन्‌मैल सपाट, काळपट तांबडं, मध्ये कुठे झाड नाही. गुरं तिकडेच चरायची. घरांचे चिरे त्याच जांभ्याचे. सहल म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर विजयदुर्गचा किल्ला तरी यायचा, नाहीतर कुणकेश्वर. मुंबईच्या भावाला राणीची बाग हवी होती. पण गुरुजींनी आदल्या दिवशी प्रत्येकाला वहीचं एक पान उभं दुमडायला लावलं. डाव्या बाजूला लिहायचं 'ओल्या जागेतले प्राणी', उजव्या बाजूला 'कोरड्या जागेतले प्राणी'. व्हाळ, म्हणजे ओढा, आणि तळी ही ओली जागा. सडा ही कोरडी जागा. चालता चालता दिसेल तो प्राणी त्याच्या त्याच्या रकान्यात.

आता विचार केला की त्या दोन रकान्यांत गुरुजींचं सगळं गाव दिसतं. त्यांच्याकडे माळ तो माळ आणि ओढा तो ओढा. माळावर खोकड, लांडगा, होला. ओढ्याला पाणी असलं तर बगळा. जागा ठरलेल्या आणि जनावरंही ठरलेली. सपाट, झाडं नसलेलं पठार बघून त्यांनी आमच्या सड्याला माळ समजलं.

निघालो तेव्हा पाऊस नव्हता. घाटी अर्धी चढलो आणि आला. इरलीवाले इरली घेऊन होते, बाकीचे खताच्या पिशव्यांच्या खोळी करून. मुंबईच्या भावाच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, काकाने शेवटच्या पगारातून घेतलेले. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं घालू नको म्हणून. घाटीच्या वरच्या वळणावर चिखलाने त्यातला एक गिळला. गुरुजी, दादा आणि मासेमारी करणाऱ्या गाबितांची दोन मुलं हात घालून शोधत होती. बूट मिळाला, पण तो पुन्हा पांढरा झाला नाही. आणि काकी त्या दिवशी रडली ते बुटासाठी नव्हतं, एवढं मला तेव्हासुद्धा समजलं.

सड्यावर पोहोचलो आणि गुरुजी गप्प झाले. जूनपासून ते खालीच होते, वर आलेच नव्हते. कोरडी जागा म्हणून ज्याचं नाव वहीत लिहून आणलं होतं, तो सडा अख्खा पाण्याखाली होता. खोल नाही, घोट्याएवढं. जांभ्याच्या प्रत्येक खळगीत डबकं, एका डबक्यातून दुसऱ्यात धावणारं पाणी, कडेला त्याचाच धबधबा. मधल्या पातळ मातीत निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा. सीतेची आसवं. त्या नाजूक फुलाच्या मुळाशी असलेल्या बारीक पिशव्या पाण्यातले किडे पकडून खातात हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तेव्हा आम्ही ती फुलं देवाला म्हणून तोडत होतो आणि ती हातातच विरघळत होती.

"हे कोरडं?" गुरुजी स्वतःशीच म्हणाले.

मग जे झालं ते आम्हा सगळ्यांना सारखं आठवतं, म्हणून खरं असावं. गुरुजींनी वह्या बंद करायला लावल्या नाहीत. पाच जागा निवडल्या, प्रत्येक जागेशी दगडांची रास केली, आणि म्हणाले, "आता मला दाखवा. इथं कोण कोण ऱ्हातं?" गुरुजी आमच्याकडून शिकायला बसले. वर्गात कधी तोंड न उघडणारी, गुरांमागे वाढलेली मुलं त्या दिवशी सुटली. कुणी डबक्यातली उताणी पोहणारी बारीक, काचेसारखी कोळंबी ओंजळीत दाखवली. कुणी बेडूकमासे. कुणी तळीच्या काठाचा पैसाकिडा, हात लावला की नाण्यासारखा गुंडाळणारा. पाण्यावर टाचणीचं जोडपं. दगडाच्या फटीत डोळे वटारून बसलेली कुर्ली. श्रावण असल्याने कुर्ल्या फक्त वहीतच राहिल्या, नाहीतर त्या रकान्यातून थेट खिशात गेल्या असत्या.

व्हाळाच्या काठी कुजक्या पाल्याखाली एकाने गांडूळ काढलं. वीतभर, जांभळट, जाड. गुरुजींनी डावीकडे लिहिलं: गांडूळ. तेवढ्यात त्या गांडुळाने तोंड उघडलं आणि आत दात दिसले. एवढी पळापळ झाली! दुतोंड्या साप म्हणून आम्ही वर्षभर त्याच्या गोष्टी सांगितल्या. तो साप नव्हता, गांडूळही नव्हता. ते देवगांडूळ. बेडकाचा बिनपायाचा नातेवाईक, आयुष्य ओल्या मातीत काढणारा. आमच्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, दोर्ले गावात सापडलेल्या एका देवगांडुळाची वेगळी जात म्हणून 2003 मध्ये शास्त्रीय नोंद झाली. ते वाचलं तेव्हा मी कात्रण कापून भावंडांना पोस्टाने पाठवलं होतं. दादाचं उत्तर आलं: "माका तेवाच ठावक होता."

तळीत उतरलेल्या मुंबईच्या बहिणीच्या पोटरीला जळू चिकटली. तिने जी किंकाळी फोडली ती खाली घरापर्यंत गेली म्हणतात. व्यसनांवर आम्हाला दर शनिवारी तळमळून सांगणाऱ्या गुरुजींनी तेव्हा इकडे तिकडे बघितलं, कमरेची चंची काढली आणि चिमूटभर तंबाखू जळूवर दाबली. जळू गळून पडली. एकतीस मुलांनी ती चंची बघितली आणि घरी कुणीही सांगितलं नाही. एवढी शिस्त शाळेत परत कधी दिसली नाही.

दुपारी मांगराच्या आडोशाला भाकऱ्या सुटल्या. चवळीची उसळ, लसणीची चटणी. जेवता जेवता गुरुजींनी वह्या बघायला घेतल्या आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. बेडूक निम्म्यांनी डावीकडे लिहिला होता, निम्म्यांनी उजवीकडे. कुर्ली दोन्हीकडे. गुरुजी खूश झाले, कारण त्यांना शिकवायचा होता तो शब्द आता सांगता येणार होता. पाण्यात राहतात ते जलचर, जमिनीवर राहतात ते भूचर, आणि बेडकासारखे दोन्हीकडे राहणारे ते उभयचर. ओलं बोट दगडावर फिरवून त्यांनी तो शब्द लिहिला. पुन्हा पावसाची सर आली आणि शब्द वाहून गेला.

मग खाडीकाठच्या वाडीतला एक मुलगा उभा राहिला. गाबितांचा, आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, कारण मासेमारीच्या दिवसांत तो शाळेत नसे. "गुरुजी, निवटी खंय लिवची?"

गुरुजींनी निवटी बघितली नव्हती. मग सगळ्यांनी मिळून सांगितलं. बोटभर मासा, डोळे डोक्यावर, ओहोटीला खाडीच्या चिखलावर पुढच्या पंखांवर सरपटत चालतो, उड्या मारतो, बिळात जातो. कालवण बरं होतं. "मासा चालतो?" गुरुजींना आम्ही चेष्टा करतोय असं वाटलं. घाटावर मासा चालत नाही. पुढच्या रविवारी तो मुलगा त्यांना ओहोटीला खाडीवर घेऊन गेला. गुरुजी दोन तास चिखलात उभे होते असं त्याने सांगितलं.

पण त्या दिवशी, मांगराशी, गुरुजी हसून म्हणाले, "बरं, निवटीही उभयचर धरू." शास्त्राच्या हिशेबात हे चूक आहे, मासा तो मासाच. त्यावर ते वाक्य आलं. "मगे सडोच उभयचर म्हणा, गुरुजी. दिवाळेनंतर बघा, हंय थेंब गावूचो नाय."

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "थेंब मिळणार नाही? इथं?" आणि आम्ही अभिमानाने सांगायला लागलो की चैत्रात आमच्या आया घाटी उतरून कोंडीतून कळशा आणतात, मे महिन्यात तर विहिरीत तळाला वाटीने पाणी भरावं लागतं. जांभा चाळणीसारखा आहे, पडेल ते पाणी झिरपून आणि वाहून खाडीला मिळतं. तीन हजार मिलिमीटरच्या गावात उन्हाळ्यात पाण्यासाठी रांग लागते, हे गुरुजींना कुठल्याही प्राण्यापेक्षा नवल वाटलं. माणदेशातल्या माणसाचा चेहरा त्या वेळी एकदम ओळखीचा झाला. त्या पाच राशींकडे बोट करून ते म्हणाले, "मग शिमग्यानंतर पुन्हा यायचं. ह्याच जागी. हीच वही."

रात्री घरी हे सगळं सांगून झालं. काका पानाला चुना लावत ऐकत होते. गावात येऊन दोन महिने झाले होते, गिरणीतून काही निरोप नव्हता, शेतावर त्यांचा हात बसत नव्हता. म्हणाले, "म्हंजे आमी चाकरमानीय उभयचरच की रे." आजी म्हणाली, "जेव आता."

दुसऱ्या सहलीच्या वेळी मार्च संपत आला होता. ऊन लागेल म्हणून पहाटे निघालो. गवत केव्हाच कापून नेलं होतं. सडा तापलेल्या तव्यासारखा, तांबडा-काळा, पावलागणिक वाजणारा. राशी जागच्या जागी होत्या, तेवढीच काय ती खूण. पहिल्या राशीशी जिथे आम्ही काचेची कोळंबी धरली होती, तिथे चिमूटभर धूळ होती. गुरुजींनी ती बोटांत चोळली आणि विचारलं, ती कोळंबी कुठे गेली असेल? कुणालाच सांगता आलं नाही, त्यांनाही नाही. असल्या कोळंबीची अंडी त्या धुळीत सुकून पडून राहतात, प्रसंगी कैक वर्षं, आणि पाणी मिळालं की फुटतात. म्हणजे आम्ही कोळंबी बोटांत धरूनच ती कुठे गेली ते विचारत होतो.

तळीला भेगा पडलेल्या. दादाने आणलेल्या कुदळीने काठाची पापडी उचकटली. हातभर खाली माती गार होती. शंखाच्या गोगलगाई निघाल्या, दाराला घट्ट झाकण लावून बसलेल्या. आणखी खाली एक बेडूक. डोळे मिटलेला, अंग आक्रसलेलं, मातीच्याच रंगाचा. आमचा नवरदेव! कुणी म्हणालं मेला. गुरुजींनी तळहातावर घेऊन घशाकडे बघितलं. घसा हलत होता, फार हळू. त्यांनी तो परत खड्ड्यात ठेवला, वर माती ओढली, आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्या मातीवर ओतलं. अर्धी बाटली. तो माणूस! आमच्यातल्या एकालाही हे दृश्य विसरता आलेलं नाही. या एका गोष्टीवर सात जणांत दुमत नाही.

चौथ्या राशीजवळ टिटवी ओरडत अंगावर आली, मग पंख मोडल्यासारखी लंगडत दुसरीकडे जायला लागली. गुराखी मुलं हसली. "गुरुजी, आता हलू नुको. पायाकडे बघा." त्यांच्या बुटापासून दोन वितींवर चार अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नाही, उघड्या कातळावर खड्यांचं कडं आणि आत अंडी, निमुळती टोकं मध्ये जुळवून ठेवलेली. रंग अगदी जांभ्याच्या चुऱ्याचा. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, सखल जागी घातली की कमी, असं आमच्याकडेही म्हणतात आणि घाटावरही. ही चढावर होती. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. उजव्या रकान्यात, ठळक.

पाचव्या राशीपर्यंत आम्ही पोहोचलो नाही. मुंबईच्या भावाला आता सड्याची सवय झाली होती, म्हणजे नको तेवढी झाली होती. त्याने एक सपाट दगड उचलला. खाली हातभर फुरसं वेटोळं घालून बसलं होतं, अंगावर अंग घासत, आणि करवत चालावी तसा खरखर आवाज. त्याने दगड टाकला नाही, पळाला नाही, नुसता दगड धरून उभा राहिला. तेव्हा मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली आणि हळू आवाजात म्हणालं, "हलू नको. फुरसां असा. आता माझ्यावांगडा मागे ये." एक पाऊल, दुसरं पाऊल. मग दगड बाजूला टाकला.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर मुंबईच्या हाफकिनमध्ये तेव्हा लस तयार व्हायची. पण 1983 मध्ये ती लस आमच्या गावापासून किती एसटी बदलल्यावर मिळाली असती, याचा हिशेब गावातल्या मोठ्यांनी त्या संध्याकाळी केला आणि गुरुजींना चार गोष्टी सुनावल्या. वरूनही विचारणा झाली. पुढे सहल म्हणून जी निघाली ती किल्ल्यावर, रांगेत, पाण्याच्या बाटल्या गळ्यात घालून. गुरुजी आणखी दोन वर्षं होते. मग बदली मिळाली, घाटावर.

कॉलर धरणारा हात दादाचा होता असं दादा म्हणतो. बहिणीला तो गुरुजींचा वाटतो. गेल्या गणपतीत ताई पहिल्यांदाच सविस्तर बोलली. म्हणाली, कॉलर धरली ती निवटीवाल्या मुलाने. आणि सडा उभयचर, हेही तोच म्हणाला होता, निवटीचं विचारून तो अजून खाली बसलाच नव्हता. चौथीनंतर तो होडीवर गेला. आपल्यातला कुणी नव्हताच तो, म्हणून आपल्या गोष्टीत राहिला नाही. यावर पडवीत थोडा वेळ फक्त पाऊस ऐकू आला. मला वाटतं ताईचं बरोबर आहे. वाक्य आठवलं की मला आवाजही आठवतो, आणि तो आमच्या घरातला नाही.

त्याच रात्री धाकट्याने मोबाइलवर फोटो दाखवले. तो राजापूर तालुक्यात कशेळीला जाऊन आला होता. तिथल्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात दाटीवाटीने इतर प्राणी कोरलेले आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातले. एकाच पोटात. कोकणची ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. कुठल्या रकान्यात काय जातं याची चिंता कोरणाऱ्याने केलेली दिसत नाही. दादा फोटो बघून म्हणाला, "निवटी खंय असा यात?" आम्ही बोटांनी फोटो मोठा करकरून शोधली. सापडली नाही.

आमच्या सड्याची नोंद सातबाऱ्यावर 'पोटखराब' अशी आहे, म्हणजे लागवडीला निकामी. निकामी म्हटलं की त्याचं काहीही करता येतं. 1990 नंतर फळबागांना सरकारी अनुदान आलं तेव्हा सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले गेले, बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली. आमच्याच हिश्श्यात दीडशे कलमं आहेत. त्यांचा हापूस आम्ही सातही जण मिटक्या मारत खातो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची? पहिली आणि दुसरी रास बागेत गेली. तिसरी चिरेखाणीत. तळी बुजवली नाही, पण तिच्या काठावर पंपाची खोली आहे.

एक गोष्ट मी भावंडांना बऱ्याच वर्षांनी सांगितली. फुरशाच्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी मी आणि ताई कुणाला न सांगता पुन्हा वर गेलो होतो, अंडी बघायला. लांब बसलो, गडग्याआड. टक्क दुपार. टिटवी उठली आणि कोंडीकडे उडाली, तिथे मूठभर पाणी उरलं होतं. परत आली तेव्हा तिचं पोट ओलं होतं, पिसं चिकटलेली. ती तशीच अंड्यांवर बसली. आम्हाला वाटलं आंघोळ करून आली. ही टिटवीची रीतच आहे. कडक उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. चौथी रास अजून आहे. गेल्या मार्चमध्ये तिच्यापासून थोड्या अंतरावर मला पुन्हा चार अंडी दिसली.

तुम्ही त्या दिवसांत कोकणात कुठल्याही सड्यावर गेलात, तर खाली बघून चाला. आणि टिटवी लंगडायला लागली तर आहात तिथेच थांबा. अंडी तुमच्या पायापाशी असतील.